गैरहजराच्या आसनावर

जो प्रत्येकाच्या हृदयात आसन मांडून बसला आहे आणि कुणी आसन दिले नाही तरी जो रुसत नाही, त्या श्रीहरीला वंदन करून, आज गुरुपौर्णिमेच्या निमित्ताने मी एका गृहस्थांचे स्मरण करणार आहे. खुर्चीला त्यांच्याइतका भिणारा सरकारी अधिकारी विधात्याने दुसरा घडवलेला नाही. हे विधान मी पूर्ण विचारांती करीत आहे. माणसे वाघाला भितात, सापाला भितात, आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यातली मे महिन्याची दुपार पाहून तर कुणीही भ्यावे. आमचे शेजारी मात्र खुर्चीला भीत. ते केंद्रप्रमुख होते, म्हणजे डझनभर खेड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांवर फिरावे, वर्ग पाहावे आणि शिक्षकांना चार गोष्टी सुचवाव्या हे त्यांचे काम. शाळेच्या आवारात त्यांची स्कूटर फटफटली की मुख्याध्यापक लगबगीने खुर्ची पुसून व्हरांड्यात आणून ठेवत. झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तसे हे त्या खुर्चीला वळसा घालून थेट वर्गात शिरत आणि विचारीत, "आज कोण नाही आलं?"

जे मूल आलेले नसेल त्याच्या जागी ते मांडी घालून बसत, आणि शाळा सुटेपर्यंत ते मूलच होऊन राहत. हजेरी सुरू झाली, "शबाना!" असा पुकारा झाला, की झुपकेदार मिशांखालून घनगंभीर आवाजात उत्तर येई, "हजर, गुरुजी!" मुले हसून लोळत, यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. मग ते आजूबाजूच्या मुलांना विचारीत, "सांगा रे, मी आता कसा वागू? घरी काय बोलतो? डब्यात काय आणतो? कशाले भेतो?" मुले सांगतील तसे ते वागत. त्या दिवसात शिक्षकाला एक शब्द उपदेशाचा म्हणून ऐकवीत नसत. वरून येणाऱ्या परिपत्रकांत 'सांस्कृतिकदृष्ट्या सर्वसमावेशक वर्गवातावरणाची निर्मिती' अशी अक्षरे असत. ती मोठ्याने वाचू लागले की त्यांना ठसका लागे आणि घोटभर पाणी पिऊन ते कागद घडी करून खिशात ठेवत. "शास्त्रीबुवा," ते मला म्हणत, "या वाक्यात पोट्टं कुठी बसलं हाय, ते मले दिसतच नाही."

त्यांच्या या व्रताचा प्रसाद मलाही मिळाला. नांदुऱ्याच्या ज्या हायस्कुलात मी संस्कृत शिकवीत असे, ते त्यांच्या अधिकारात येत नव्हते. तरी मी घरी विसरलेला डबा पोचवण्याच्या निमित्ताने ते आले आणि एका पिंजाऱ्याच्या गैरहजर मुलाच्या बाकावर स्थानापन्न झाले. मी राम हा शब्द चालवीत होतो. यांनी हात वर केला. "गुरुजी, आमच्या घरी राम नावाचं कोणी नाही. अब्बा हायत. अब्बा कसे चालतात?" वर्ग माझ्याकडे पाहू लागला. शास्त्राचा प्रश्न शास्त्रानेच सोडवावा असा माझा नेम. पुल्लिंगी आकारान्त शब्द संस्कृतात विरळा, आणि त्यांचा परंपरेने चालत आलेला नमुना म्हणजे हाहा नावाचा एक गंधर्व. मी गांभीर्याने सांगितले, "अब्बा हा शब्द हाहासारखा चालेल." त्यानंतर तास आवरणे माझ्या हाती राहिले नाही. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला तेव्हा मित्रांनी त्याला फाटकातच "अब्बाः, अब्बौ, अब्बाः" म्हणून दाखवले, आणि संध्याकाळी त्याचे वडील खांद्यावर धनुकली घेऊन माझ्या दारात उभे. "पंडितजी, हमकू मालूम पडा, तुमारे संस्कृत में हम भी हैं," असे म्हणून त्यांनी माझी दगड झालेली उशी उसवून पिंजून दिली. आजही त्या उशीवर मला झोप फार सात्त्विक लागते.

शेजाऱ्यांचा दुसरा विक्षिप्तपणा जेवणाचा. शाळेत ते मुलांच्या पंगतीत बसून खिचडी खात. घरी एकटेच राहत; पण दिवेलागणी झाली की झाकलेले ताट हातात घेऊन आमच्या ओट्यावर येत आणि माझ्या सौभाग्यवतीला विचारीत, "वहिनी, लोणचं हाय काय थोडं?" त्यांच्या घरची लोणच्याची बरणी काठोकाठ भरलेली असे. हे वहिनींना पक्के ठाऊक होते, कारण ती त्यांनीच भरून दिली होती. तरी त्या रोज फोड वाढीत आणि हे रोज, अगदी अनपेक्षित लाभ झाल्यासारखे, आनंदून जात.

निवृत्तीनंतर मी कधी कधी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून शाळा पाहायला जाऊ लागलो. त्या वर्षी कपाशीवर गुलाबी अळी उतरली होती. ज्या बीटी वाणाला अळी शिवणार नाही असे सर्वांनी धरून चालले होते, त्याचीच बोंडे फोडली की आत अळी वळवळे. दिवाळीनंतर महिनोन्महिने चालायची वेचणी लवकर उरकली, आणि वेचणीवर जगणारी मजूर घरे दूरच्या वीटभट्ट्यांचे ट्रक पकडू लागली. संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक शाळा आहे. तिथे चौथीच्या वर्गावर साताऱ्याकडचे एक तरुण गुरुजी होते. माणूस कष्टाळू, पण बेजार झालेला. त्यांनी आम्हांला दारातच सांगितले, "सर, त्या सुमरतीचं नाव मी पटावरून कमी करतोय. आई-बाप भट्टीवर निघालेत, ती पण जाणार. तशी ती असली काय, नसली काय. वर्गात तोंडातनं शब्द काढत नाही."

"करा ना कमी," शेजारी म्हणाले. "फक्त आजच्या दिवस तिची जागा मी भरतो."

सुमरती कोरकू आदिवासी घरची. तिची जागा खिडकीखाली, भिंतीला चिकटून. शेजारी तिथे बसले आणि नेहमीप्रमाणे पुसले, "सांगा, मी कसा वागू?" तिच्या बाजूला बसणारी प्रज्ञा म्हणाली, "ते बोलतच नाही, सर." "बरं," ते म्हणाले, आणि त्या क्षणापासून बोलायचे थांबले. हजेरीला ओ नाही. फळ्याकडे बोलावले तर उठणे नाही. गुरुजींनी घाबरून पाणी विचारले, तर भिंतीकडे पाहणे. एवढा मोठा अधिकारी मिशांसकट मुका होऊन बसलेला पाहून मुले चुळबुळ करू लागली. ज्ञान्या नावाच्या मुलाला ते सहन होईना. "सर, ते डाव्या हातानं लिहिते," तो म्हणाला. पेन्सिल निमूटपणे उजव्या हातातून डाव्यात गेली. मग बांध फुटला. "खिचडीतले वाटाणे खात नाही ते, चिमण्याईले टाकते!" "विजेले भेते! ढग गरजला का माह्या फ्रॉकात तोंड घालते!" "आन् सर, मुकी नाही ते! बकऱ्याईसंगं तिच्या बोलीत इतकी बोलते, इतकी बोलते, का बकऱ्या कटाळतात!"

तरुण गुरुजींच्या हातातला खडू हवेतच थांबला होता. "बोलते?" त्यांनी विचारले. "बकऱ्यांशी?"

"तुमच्यासंगं काय बोलन ते, सर," प्रज्ञा म्हणाली, "तुमाले कुठी समजते!"

त्या संध्याकाळी गुरुजी स्वतःहून म्हणाले, "सर, तिच्या घरी जाऊ या का?" झोपडीपुढे बोचकी बांधून ठेवलेली, ट्रक पहाटे येणार होता. सुमरती बकरीच्या आड उभी. तिची आजी मागे राहणार होती. मुलगी तिच्यापाशी ठेवली तर शाळा टिकणार होती, नाही तर ती शाळा कायमची सुटलीच असती. गुरुजींनी विनवले. म्हातारीने ते सगळे ऐकून घेतले आणि मोडक्या वऱ्हाडीत एकच प्रश्न केला. "शाळेत इले कोन ओयखते?"

मी शेजाऱ्यांकडे पाहिले. दिवसभर सुमरती होऊन बसलेले हे गृहस्थ आता खाली वाकून चपलेतला खडा काढू लागले. त्यांच्या चपलेत खडा नव्हता, हे मला दिसत होते. उत्तर द्यायचे होते ते दुसऱ्यांनी.

"ती डाव्या हातानं लिहिते," गुरुजी अडखळत म्हणाले. "वाटाणे चिमण्यांना टाकते. विजेला घाबरते. बकऱ्यांशी काय बोलते ते मला अजून कळत नाही. ते मला तिनं शिकवायला पाहिजे."

म्हातारीने त्यांना न्याहाळून विचारले, "आन् वीज कडकली तं?"

"प्रज्ञा जवळच असती. अन् खिडकी मी लावून घेईन."

म्हातारी आपल्या मुलाशी, सुमरतीच्या बापाशी, कोरकूत काही बोलली. ते आम्हां तिघांपैकी एकालाही समजले नाही, आणि आम्ही तसेच माघारी फिरलो.

दुसऱ्या दिवशी शेजारी हट्टाने पुन्हा त्याच शाळेत गेले; मी मागे होतोच. ट्रक गेल्याचे कळले. खिडकीखालची जागा रिकामी होती, ते तिथे बसले. पुकारा झाला, "सुमरती!" यांनी आपल्या मंद्र सप्तकात "हजर" म्हटले, आणि दारातून दुसरे एक बारीक "हजर" आले. वर्ग वळला. सुमरती आत आली, आपल्या जागेपाशी उभी राहिली, तिथे बसलेल्या मिशाळ सुमरतीला तिने वरपासून खालपर्यंत पाहिले, आणि वर्गातले आपले पहिले स्पष्ट वाक्य उच्चारले: "ऊठ बे!"

सबंध शासकीय सेवेत त्यांनी इतक्या तत्परतेने पाळलेला दुसरा आदेश मला ठाऊक नाही.

आता ते निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे राहायला गेले आहेत. संध्याकाळी मी ओट्यावर पोथी वाचतो. खांबापाशी त्यांची जागा रिकामी असते. परवा पोथी मिटल्यावर मनात आले, गैरहजराची जागा अशी सोडणे हे त्यांच्या व्रतात बसत नाही. मी उठून खांबाशी टेकून बसलो आणि स्वतःला विचारले, "सांगा, मी आता कसा वागू? कशाला भितो?" खुर्चीला, हे उत्तर चटकन आले, पण ते तर साऱ्या तालुक्याला ठाऊक. जन्मभर दुसऱ्यांच्या जागी बसलेल्या या माणसाला इथे कोण ओळखते, असे त्या म्हातारीने मला विचारले असते तर मी काय सांगितले असते? म्हणून मी त्यांना फोन लावला आणि सरळ विचारले. पलीकडे आधी मोठे हसू झाले.

"शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "मले एकट्यानं जेवाची भीती वाटते. वहिनीले सांगजा, लोणच्याले काही नव्हतो येत मी."

सौभाग्यवतीला सांगितले. ती म्हणाली, "मला माहीत होतं," आणि आत जाऊन बराच वेळ बरणी पुसत राहिली.

वाचकहो, तो सर्वांच्या हृदयी बसलेला श्रीहरी आपणां सर्वांस आणि आपल्या घरातील लहानथोरांस सुखात ठेवो. जे दूर गेले त्यांची जागा आपल्या घरी ऊबदार राहो, आणि दिवेलागणीला ताट घेऊन कुणी आपल्या ओट्याशी आले, तर आपल्याकडे लोणच्याची एक फोड नेहमी शिल्लक असो.