बाईंची सपाट रेघ

आमच्या बाईंइतका काळोखावर जीव टाकणारा माणूस साऱ्या सांगली जिल्ह्यात दुसरा नव्हता. सांगलीच्या एका कॉलेजात त्या जीवरसायनशास्त्र शिकवायच्या, आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी मी शेवटची विद्यार्थिनी. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीला दुहेरी काळे पडदे, दाराच्या फटीत कापूस आणि किल्लीच्या भोकावर चिकटपट्टी. कुणी 'मॅडम' म्हटलं तर त्या ओ देत नसत, 'बाई' म्हणायचं. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं, पण खोलीचं दार लागलं की ते थेट फलटणच्या उसात उतरायचं. चमक मोजणाऱ्या तिथल्या जुन्या यंत्राशी त्या घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं बोलायच्या. ते अडून बसलं की आम्ही दुरुस्तीवाल्याला फोन करायला धावायचो, आणि बाई त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारायच्या, "आवं, आज काय बिनसलं?" थोड्या वेळाने ते चालूही व्हायचं. दुरुस्तीवाला म्हणे, त्याला तापायलाच तेवढा वेळ लागतो. आमचा विश्वास बाईंवर होता.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. प्रथिनाचा रेणू आपला तेलकट भाग आत लपवून घडी घालून बसलेला असतो. ऊब वाढली की घडी सुटते. आम्ही त्या पाण्यात एक रंग सोडायचो. एरवी तो मंद असे, पण प्रथिनाचा आतला भाग उघडा पडला की त्याला चिकटून चमकायचा. जितकी चमक जास्त, तितकी कागदावरची रेघ वर जायची. एवढ्या गोष्टीवर बाईंनी तीस वर्षं काढली आणि माणसंही त्याच मापाने मोजली. कुणाच्या लग्नाला गेल्या तर वरबापाकडे बघून माझ्या कानात सांगायच्या, "घट्ट घडी हाय. मानपानाला उघडंल बघ." आणि तो उघडायचाच.

प्रथिन त्या साताऱ्याच्या एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतून थर्मासमध्ये बर्फ भरून एसटीने आणायच्या, आणि सांगली येईपर्यंत थर्मास मांडीवरून खाली ठेवायच्या नाहीत. एकदा कंडक्टरने त्यात काय आहे म्हणून विचारलं. प्रथिनं आहेत, थंड राहायला हवीत, असं बाईंनी सांगितल्यावर तो म्हणाला, "मग सरळ मटण म्हणा की." पण बिचारा कराड येईपर्यंत ड्रायव्हरला खड्डे चुकवायला सांगत राहिला. बाई त्याला पुढे कितीतरी दिवस नावाजत होत्या.

निवृत्तीच्या वर्षी बाईंना घबाड सापडलं. आमचं प्रथिन अंगात ताप असावा एवढ्याशा उबेलाच उघडत होतं. असं कुणी आधी पाहिलं नव्हतं. तीन-तीनदा मोजलं, तिन्ही वेळा रेघ वर गेली. परदेशातल्या एका नियतकालिकाने लेख स्वीकारला. बाईंच्या आयुष्यातला असा पहिलाच. खाली माझंही नाव होतं. बाईंनी साताऱ्याहून कंदी पेढे आणून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना वाटले.

आता माझा प्रताप सांगते. प्रथिन ज्या काचेच्या चौकोनी कुपीत मोजायचं, ती फक्त आम्लाने आणि शुद्ध पाण्याने धुवायची, असा बाईंचा दंडक होता. पण मी तासगावची. फेस आल्याशिवाय भांडं निघत नाही, हे आईने अंगात मुरवलेलं. जास्त स्वच्छ म्हणून मी ती कुपी गुपचूप कपड्याच्या पावडरीने धुवायचे. एकदा पावडर संपली आणि चार दिवस नुसत्या पाण्यावर भागवलं, तर प्रथिन उघडायलाच तयार नाही. घडी उबेने सुटत नव्हती, कुपीला चिकटून राहिलेली माझी पावडर ती सोडत होती.

दोन दिवस मी मनाशी हिशेब करत होते. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. लेख छापून आला असता, माझी पदवी झाली असती, बाई मानाने घरी गेल्या असत्या. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग विचारलं, "पावडर कंची?" मी सांगितली. त्यांनी कागद ओढला आणि लेख मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. 'कुपी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी माझी होती, चूक माझी,' असं त्यांनी त्यात स्वतःच्या नावावर घेतलं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. मी रडत म्हटलं, बाई, खरं लिहा. त्या म्हणाल्या, "तुला अजून लय ठिकाणी नोकरी मागायची हाय गं. मला आता कुणाकडं काय मागायचंय?"

निरोपसमारंभाच्या दुपारी सभागृह भरलं, हार आले, आणि बाईंचा पत्ता नाही. त्या खोलीत होत्या. कुपी स्वतःच्या हाताने धुतली होती. मला शेजारी बसवलं आणि आम्ही त्या तापाच्या उबेपर्यंत एकेक अंश वाढवत गेलो. शिपाई दोनदा बोलावून गेला. रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट. "न्हाई उघडत," बाई म्हणाल्या. "बरं झालं, जायच्या आधी कळलं." आवाज नेहमीचाच होता. काळोखात चेहरा मला दिसला नाही.

मग त्यांनी वही घेतली, निकाल लिहिला, खाली सही केली आणि वही माझ्यापुढे सरकवली. "ह्यात तुझं नाव पायजे," म्हणाल्या.

बाईंना जाऊन दोन वर्षं झाली. मी आता साताऱ्यात शिकवते, आणि ती वही माझ्या कपाटात आहे. माझ्या नावावर आज बरेच छापील लेख आहेत. पण कुणी विचारलं, तुमचं पहिलं काम कोणतं, तर मला ती सपाट रेघच आठवते, आणि बाईंची फार आठवण येते.