मास्तरांच्या मशीनवरचा रुमाल

आज ट्रंकेत डांबरगोळीच्या वासाचा माझा लोकरीचा रुमाल सापडला. गंगाखेडला असताना ह्यांनी आणि ह्यांच्या एका मास्तर मित्राने टीव्हीला जोडायचे घरगुती कॉम्प्युटर घेतले होते, वेगवेगळ्या कंपन्यांचे. कोणाचा जास्त टिकाऊ, यावर रोज वाद व्हायचा. शेवटी एका रविवारी दोन्ही आमच्या बैठकीत सकाळपासून चालू ठेवले. दोघे जेवायला बसले तेव्हा रस्त्यावरून उसाच्या गाड्यांची धूळ आत येत होती. पाहुण्याची वस्तू खराब व्हायला नको, म्हणून मी मास्तरांच्या मशीनवर हा रुमाल पांघरला. तासाभराने जळका वास आला. हवा कोंडून मशीन तव्यासारखं तापलं होतं. मी रुमाल ओढून पदराखाली लपवला, तोवर वासाने दोघे बैठकीत आले; मशीन बंद पडलं होतं. "काय मास्तर, लय टिकाऊ हाय म्हणत होता ना तुमी? गेला की डबा!" हे हसले. मास्तरांचा चेहरा पडला. ते माझ्याकडे वळले, "वहिनी, तुमी इथंच होता, काय झालं वो?" "चहा टाकते," म्हणून मी आत गेले. मास्तर आता नाहीत. ती कंपनीच कुचकामी होती, असं हे अजूनही आल्यागेल्याला सांगतात, आणि मी अजूनही चहा टाकायला उठते.