देसाईकाका धावले

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच मी तलावाकाठी धावायला निघाले. लोक बघतील याची लाज वाटून कोपऱ्यावरूनच परत फिरणार होते, इतक्यात मागून चपलांचा आवाज आला. शेजारचे पंच्याहत्तरीचे देसाईकाका धापा टाकत माझ्यामागे धावत होते.

"काय झालं गं सुनंदा? घरी सगळे ठीक आहेत ना?"

"हो काका. सहज धावतेय, तब्येतीसाठी."

गुडघ्यांवर हात टेकून ते हसले. "मग थांबलीस कशाला? धाव की!"

आमच्या गल्लीत माणूस अडचणीतच धावतो. पण काय अडचण आहे हे कळायच्या आधीच आपल्यासाठी कुणी धावत सुटावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. तलावाची अख्खी फेरी मी पूर्ण केली. दमले खूप, पण एकटं असं वाटलंच नाही.