जांभळी मशीन, करडी मशीन

मी सुतारकाम करतो. जळगावात मेहरूणच्या बाजूला आमचं छोटं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे माझं आणि चाचांचं. चाचा नात्याने माझे कोणी लागत नाहीत. मी शिंदखेड्याहून कामाच्या शोधात इथे आलो तेव्हा मला पटाशीसुद्धा नीट धरता येत नव्हती. ती त्यांनी धरायला शिकवली, आणि मग मी तिथेच राहिलो. आता त्यांनी साठी ओलांडली आहे. अजूनही दाराला बिजागरी बसवताना ते हाताने मला बाजूला सारतात.

आम्ही दोघं आयुष्यभर वायरच्या मशीनवर काम केलेली माणसं. पण गेल्या वर्षी साक्रीच्या पुढे, डोंगरातल्या एका गावात अंगणवाडीच्या नव्या इमारतीचं काम मिळालं. दारं, खिडक्या, भिंतीतली कपाटं. इमारत उभी होती, रंगसुद्धा झाला होता, फक्त वीज यायची होती. कधी येणार ते कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा चाचाच म्हणाले, आता बॅटरीची ड्रिल मशीन घेतल्याशिवाय इलाज नाही.

बाजारात आम्ही एकाच शेठकडे जातो. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले. शेठ मात्र माझ्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात. त्यांच्या दुकानात बॅटरीच्या मशीनच्या दोन मोठ्या कंपन्यांचा माल होता. नावं लिहीत नाही, आम्ही कोणी नावं घेतही नव्हतो. एकीचं अंग जांभळं, एकीचं करडं, म्हणून जांभळी आणि करडी. जळगावातल्या मिस्तरी लोकांचे तेव्हा सरळ दोन तट पडले होते. दुकानाच्या पायरीवर चहा घेता घेता भांडणं चालायची. जांभळीवर वीस व्होल्ट लिहिलेलं, करडीवर अठरा. म्हणून जांभळीवाले छाती काढून बोलायचे. दोन्हींचे व्होल्ट खरं तर सारखेच असतात, एक कंपनी नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचा आकडा छापते आणि दुसरी चालत्या कामातला, हे मला फार उशिरा कळलं. पायरीवरच्या एकालाही ते माहीत नव्हतं, आणि सांगायची गरज कोणत्याच कंपनीला वाटली नव्हती.

शेठ म्हणाले, "मिस्तरी, घाई करू नका. जांभळीवाले डेमो ठेवताहेत. दोन्ही मशीन समोरासमोर चालवून दाखवणार आहेत. बघा आणि मग घ्या."

चाचांना कामाची पाहणी करायला साक्रीला जायचं होतं, म्हणून डेमोला मी एकटाच गेलो.

एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तो डेमो होता. कालच्या लग्नाची फुलं कोपऱ्यात तशीच कुजत पडली होती. बाहेर उन्हाचा नुसता वणवा, आत शंभरेक मिस्तरी, आणि त्याच त्या काळ्या तेलात तळलेल्या वड्यांचा वास. स्टेजवर कंपनीचा माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, कानाला माइक. तो खाली उतरून सगळ्यांशी हात मिळवत होता, फार प्रेमाने. आणि दर चार-पाच हातांनंतर पाठ फिरवून ओल्या कागदाने बोटं पुसत होता. मी ते पाहिलं. पाहून मला किळस आली, तरी मी जागचा उठलो नाही.

त्याने विचारलं, "सगळ्यात अनुभवी मिस्तरी कोण?" ओळखीच्या लोकांनी मला पुढे ढकललं. स्टेजवर दोन फळ्या मांडल्या होत्या. एकीकडे जांभळी, दुसरीकडे करडी. दोन्हींवर मीच एकेक मिनिट स्क्रू मारायचे. करडी थोडं फिरून रडायला लागली. जांभळी लोण्यात शिरल्यासारखी स्क्रू आत घालत गेली. टाळ्या पडल्या. कोणीतरी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, दोन शब्द बोला."

मला तोवर कोणी सर म्हटलेलं नव्हतं. मी बोललो, "करडीचं नाव काढू नका. जांभळी एकच नंबर. आम्ही हीच वापरतो."

आम्ही हीच वापरतो! हातात घेऊन पाच मिनिटं झाली नव्हती.

गर्दी वड्यांकडे वळली तेव्हा मी फळ्या उचलायला मदत करत होतो. सवयीने बोट फिरवलं. जांभळीच्या फळीला आधीच भोकं पाडून ठेवली होती आणि ती रंगीत मेणाने बुजवली होती. करडीच्या बॅटरीचं बटण दाबून पाहिलं, तर चारपैकी एकच दिवा लागला. म्हणजे जवळजवळ मेलेली बॅटरी लावून तिला माझ्या हाताने हरवलं होतं. मी त्या माणसाकडे पाहिलं. तो जराही ओशाळला नाही.

"सर, समोरच्यांच्या डेमोला जाऊन या. ते आमची मशीन अशीच लावतात. सगळे करतात हे."

आणि त्याने नव्या पिशवीतली एक जांभळी मशीन माझ्या हातात दिली. "ही तुम्हाला. आमच्याकडून."

मी ती घेतली. फेकून द्यायला हवी होती, निदान टेबलावर ठेवून निघायला हवं होतं. मी पिशवीची चेन लावली, वडा खाल्ला आणि घरी आलो. त्या वड्याची चव मला अजून आठवते. तेलाला खवट वास होता आणि मी दुसराही मागून घेतला होता.

दोन दिवसांनी चाचा परतले. त्यांच्यापर्यंत तो व्हिडिओ आधीच पोहोचला होता. त्यांनी माझी मशीन हातात घेऊन वजन पाहिलं, पातं धरणारा चक फिरवून पाहिला आणि विचारलं, "कामावर चलाई क्या तूने? कडक लाकडावर?"

"हो," मी म्हणालो. "दोन दिवस चालवली."

का बोललो ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. मेणाची भोकं सांगितली असती तर पिशवीचंही सांगावं लागलं असतं. चाचांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी शेठकडून स्वतःसाठी जांभळी आणली.

आम्ही टेम्पोत दारं भरून धुळ्यामार्गे साक्रीला आणि तिथून वर गावात गेलो. पहिला दिवस बरा गेला. दारं आतून पोकळ होती, स्क्रू मुकाट्याने आत जात होते. चाचा खूश होते. दुसऱ्या दिवशी मुख्य दाराची चौकट आली. जुना, मुरलेला साग. कडीसाठी त्यात मोठं भोक पाडायचं होतं. चाचांनी मशीन लावली. अर्ध्यात गेल्यावर आवाज बदलला, आणि जळक्या प्लॅस्टिकचा एक घाणेरडा, गोडसर वास खोलीभर पसरला. पातं लाकडात अडकलं. चाचांनी बटण सोडलं, पण मशीन थांबली नाही. पातं जागेवर रुतलेलं आणि मशीन त्यांच्या मुठीसकट गर्रकन फिरली. मनगटाचा आवाज मी तीन हातांवरून ऐकला.

अंगणवाडीची मदतनीस अक्का धावत आली. "काय व्हयनं हो भाऊ? आठे बठ्ठा धूर शे!"

खोलीत खरंच सगळा धूर भरला होता. मी बॅटरी ओढून काढली. ती इतकी तापली होती की हातातून सुटली. चाचा भिंतीला टेकून खाली बसले. ओरडले नाहीत. फक्त चेहरा राखेसारखा झाला होता. अक्कांनी आपल्या लुगड्याची पट्टी फाडून त्यांचा हात गळ्यात बांधला. गावातल्या एका जीपमधून आम्ही साक्रीला दवाखान्यात आलो. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून बाहेर आलो तेव्हा बाकावर बसून चाचा म्हणाले, "तूने चलाई नहीं थी।"

मी औषधाची चिठ्ठी उघडून पुन्हा घडी केली.

"मशीन खराब निकलती है, कोई बात नहीं. पण मैंने तुझे पूछा था, बेटा."

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी मशीन घेऊन धुळ्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या माणसाने ती दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी, आणि न उघडता सांगितलं, "ओव्हरलोड केलंय. वॉरंटीत बसत नाही." मी सांगितलं की माझ्या माणसाचा हात मोडलाय. तो म्हणाला, "मग तर नक्कीच चुकीची वापरली असणार." मागे भिंतीवर मोठं पोस्टर होतं, हसऱ्या मिस्तरीचं. त्या मिस्तरीच्या नखात मळ नव्हता.

जळगावला येऊन मी बॅटरीचे स्क्रू काढले. आत दहा सेलची जागा होती. सेल पाचच. उरलेल्या जागेत एक लोखंडी तुकडा फोमात गुंडाळून बसवला होता, हाताला वजन लागावं म्हणून. मग मला भेट दिलेली उघडली. त्यातही तसाच. तो तुकडा तळहातावर घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. कोणीतरी टेबलाशी बसून ठरवलं असणार की या लोकांना वजनावरून माल कळतो, मग त्यांना वजन देऊ. आणि त्यांचा अंदाज अगदी बरोबर होता. चाचांनी मशीन हातात घेऊन पहिल्यांदा वजनच पाहिलं होतं.

मी ओळखीच्या एकाची करडी मागून आणली. ती आणि मला भेट मिळालेली जांभळी पूर्ण चार्ज केल्या, त्याच सागाच्या उरलेल्या तुकड्यावर चालवल्या. करडीने दुपटीहून जास्त काम केलं. पण तिची स्वतःची घाण होतीच. नव्या मॉडेलची बॅटरी जुन्या मशीनला बसू नये म्हणून खाचेत प्लॅस्टिकचा एक बारीक दात वाढवला होता. कामाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. तो कानशीने घासला की बॅटरी बसायची.

दोन्ही जांभळ्या मशीन, ते लोखंड आणि मेण भरलेल्या भोकांची गोष्ट, सगळं घेऊन मी शेठकडे गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांच्या समोरच बोललो. व्हिडिओत मी खोटं बोललो, तेही बोललो. शेठनी चष्मा लावून बॅटरी आत-बाहेर पाहिली. त्यांचे कान लाल झाले.

"मिस्तरी, हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. मग चष्मा काढून, "पण मी कधी उघडूनही बघितलं नाही."

त्यांनी जांभळ्या मशीन काउंटरवरून उतरवून माघारी पाठवल्या. कंपनीच्या माणसाला मी फोन केला, व्हिडिओ काढून टाक म्हटलं. तो हसून म्हणाला, "सर, तुमचा तर सगळ्यात जास्त चालतोय." अजूनही तो फिरतो. अनोळखी मिस्तरी मला फोन करून विचारतात. मी प्रत्येकाला खरं सांगतो. काहींना वाटतं, मला करडीवाल्यांनी काहीतरी दिलं असणार.

साक्रीचं काम आम्ही भाड्याचा जनरेटर नेऊन वायरच्या मशीनवर पूर्ण केलं. चाचा प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ओट्यावर बसायचे आणि डाव्या हाताने खुणा करायचे. माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

प्लास्टर निघाल्यावर ते एकटेच शेठकडे गेले. मला शेठनी नंतर सांगितलं. चाचांनी करडी मागितली, पेटीतून बाहेर काढायला लावली, समोर पूर्ण चार्ज करायला लावली आणि तोवर स्टुलावर बसून राहिले. मग धोतराच्या कापडात गुंडाळून आणलेला बाभळीचा ओंडका काढला आणि दुकानाच्या पायरीवर तासभर भोकं पाडत बसले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. शेवटी त्यांनी मशीनवरचा भुसा फुंकला आणि ती घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्यांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली.

"इसपर तू कुछ मत बोल," ते म्हणाले. "पहले महिनाभर चला."