पाठीवरची रेघ

थॉर्नक्लफच्या लोकरीच्या गिरणीत क्लॅरिस हॉलरॉइडने आयुष्यभर रफूचे काम केले. मागावरून उतरलेले कापड उतरत्या मेजावर पसरायचे, खिडकीच्या उजेडात त्यावरून बोटे फिरवायची, सुटलेला धागा शोधायचा आणि तो सुईने असा भरायचा की दोष होता हे विणणाऱ्यालाही कळू नये. दोष दिसणे ही त्या कामाची निम्मी बाजू. तो दिसेनासा करणे ही उरलेली. ती निवृत्त झाली तेव्हा मेजाजवळच्या बायका म्हणाल्या, "आता निदान घरातली भोकं तरी बुजव गं!" क्लॅरिस हसली होती.

घरात भोके नव्हती, ससे होते. परसात, कोळशाच्या खोलीला टेकून, तिच्या नवऱ्याचे, अर्विनचे, तीन मजली पिंजरे होते आणि त्यांत डच जातीचे काळे-पांढरे ससे. या सशाची सारी प्रतिष्ठा रेषांवर अवलंबून असते. गाल काळे आणि गोल हवेत, दोन डोळ्यांच्या मधून पांढरा पट्टा निमुळता उतरायला हवा, मागच्या पायांत पांढरे मोजे चढवल्यासारखे दिसायला हवेत. आणि जिथे पुढचा पांढरा अर्धा संपून मागचा काळा अर्धा सुरू होतो, तिथली रेघ पाठीवरून पोटाखालून दोरी बांधल्यासारखी सरळ गेली पाहिजे. ती केसभर वाकली की प्रदर्शनातला परीक्षक ससा बाजूला ठेवतो. अर्विन तरुणपणापासून त्या एका रेघेच्या मागे होता. मार्गदर्शनासाठी ससे पाळणाऱ्यांच्या क्लबातली मंडळी त्याच्याकडे येत, पण ती रेघ त्याच्या वंशात पक्की बसली आहे असे तो स्वतः कधी म्हणाला नव्हता.

डच सशाची आणखी एक गोष्ट थॉर्नक्लफच्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती. त्याच्या खुणा जन्मल्या दिवशीच दिसतात. केस उगवण्याआधीच उघड्या कातडीवर गुलाबी आणि राखाडी भाग वेगळे उमटलेले असतात. म्हणून निवडही त्याच दिवशी होते. अर्विन घरटे उघडायचा, एकेक पिल्लू तळहातावर उलटेपालटे करायचा, "हे राहू दे. हे नको. हे नको," असे म्हणायचा, आणि 'नको' ठरलेली पिल्ले क्लॅरिस बुडवायला पाण्याच्या बादलीकडे घेऊन जायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी गिरणीत त्याची पाळी सकाळची होती म्हणून ते काम तिच्याकडे आले. पुढे पाळ्या बदलल्या, काम बदलले नाही.

मग अर्विनचे डोळे गेले. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग मधलेही. त्यानंतरच्या पहिल्या वेताच्या दिवशी तो परसात स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आता तूच बघ, क्लॅरिस. खोटं सांगू नकोस, चांगलं नसेल तर नाही म्हण."

क्लॅरिसने घरटे उघडले. एकही रेघ सरळ नव्हती. एका पिल्लाची पाठीवर शिडीसारखी पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली, दुसऱ्याच्या मानेवर राखाडी डाग, एकाचा मोजा एकाच पायात. पिल्ले तिच्या बोटांच्या उबेकडे आंधळेपणाने सरकत होती. शेजारी बादली भरून ठेवलेली होती. सवयीने तिनेच भरली होती.

"काय आहे?" अर्विनने विचारले.

"चांगली आहेत," ती म्हणाली.

"किती?"

"जवळजवळ सगळी."

अर्विनचा चेहरा असा उजळला की आपण काय केले ते क्लॅरिसला त्याच क्षणी कळले, आणि ते मागे घेता येणार नाही हेही. "बसली," तो पुटपुटला. "रेघ बसली, क्लॅरिस! माझा बाप म्हणायचा, एके दिवशी अचानक बसते."

ज्याने उभी हयात निवड केली, त्याने एवढे सहज कसे मानले, असे कोणी विचारील. पण हा विश्वास त्या मंडळींचाच आहे. वंश हळूहळू सुधारत नाही, तो एखाद्या वेतात 'बसतो' आणि मग बसलेलाच राहतो, असे तिथला प्रत्येक जुना पाळणारा मानतो. अर्विन त्या दिवसाची वाटच पाहत होता. त्यानंतरच्या प्रत्येक वेताला क्लॅरिस तेच सांगत गेली. आणि अर्विन तिच्या शब्दावर जोड्या लावत गेला, वाकड्याशी वाकडे. प्रदर्शनाला ससे नेण्याचे तो टाळत असे. न दिसणारे बक्षीस दुसऱ्याने वाचून दाखवावे, हे त्याला नको होते. पण क्लबात तो बोलला. बोलल्यावाचून त्याला राहवले नाही.

म्हणून नॉर्मन एन्टविसल आला. डोंगरापलीकडच्या लँकेशरातला हा परीक्षक, ससा न्यायला वेताच्या काड्यांची पेटी काखेत मारून बसने आला होता. अर्विनच्या बसलेल्या वंशातला एक नर त्याला हवा होता. क्लॅरिसने चहा आणि आल्याचा केक पुढे ठेवला.

"लँकेशरात सशांना गवत मिळत नाही काय, एवढ्या लांब आलास?" अर्विन खुशीत होता.

"गवत आहे रे, फक्त ते घालावं असा ससा नाही. दाखव तुझा खजिना."

एन्टविसल पहिल्या पिंजऱ्यापाशी वाकला. मग दुसऱ्या. तिसऱ्यापाशी त्याने ससा बाहेर काढलाही नाही.

"अर्विन, माझी थट्टा करायला बोलावलंस होय?"

"का रे?"

"ही रेघ? दारुड्यानं घरी जाताना ओढल्यासारखी आहे. अरे, हे पोरांनी मांडीवर घ्यायचे ससे आहेत. गोड आहेत, नाही म्हणत नाही. पण माझ्या मेजावर आले तर मी वर मान करून बघणार नाही."

अर्विनने मान वळवली. क्लॅरिस जिथे उभी होती त्याच्या जराशी डावीकडे. "क्लॅरिस?"

"खरं सांगतोय तो," ती म्हणाली.

एन्टविसलने टोपी उचलली. दारात तो क्लॅरिसला हळूच म्हणाला, "माफ करा हो बाई, मला वाटलं त्याला माहीत असेल." पेटी रिकामीच गेली.

"केव्हापासून?" अर्विनने विचारले.

"तुझे डोळे गेले तेव्हापासून."

"मी त्यांच्यापासून पैदास केली! बापापासूनचं सगळं मी माझ्याच हातानं मोडलं, आणि तू बघत उभी होतीस?"

"हो. आणि त्याआधी तू बसून असायचास आणि मी बादलीशी उभी असायची. एकदा तरी उचललीस का रे ती?"

रागावलेल्या माणसाला उत्तर नसले की राग जातो असे नाही. तो आत बसून राहतो. अर्विनने क्लबात जाणे सोडले. क्लॅरिस पिंजऱ्यांत गवत टाकी, तेव्हा तो रेडिओ मोठा करी.

एक मादी मात्र तेवढी उरली होती, बेस. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून निवडलेली शेवटची, आता म्हातारी. एन्टविसल येण्याआधीच ती त्याचे डोळे होते तेव्हाच्याच एका जुन्या नराला दाखवली होती. ती व्यायली तेव्हा क्लॅरिसने एकटीनेच घरटे उघडले. पिल्लांच्या गर्दीत तळाशी एक होते. तिने ते कोळशाच्या खोलीच्या खिडकीच्या उजेडात नेले, कापड तपासावे तसे वळवून पाहिले. गाल गोल. पट्टा निमुळता. दोन्ही पायांत मोजे. आणि पाठीवरून पोटाखालून गेलेली रेघ अशी, की सुई लावायला जागाच नाही.

पिल्लू एप्रनच्या खिशात ठेवून ती धावत स्वयंपाकघरात आली. "अर्विन, बेसच्या पोटी एक आलंय. खरोखरचं. तुझी रेघ."

"हो ना," तो थकून म्हणाला. "सगळीच चांगली असतात तुझी."

"नाही! बाकीची वाईट आहेत. हे एकच."

"बरं."

त्या 'बरं'पुढे ती काय बोलणार? शब्द तिने आधीच खर्चून टाकले होते. ती परसात गेली, नळाखाली बादली भरली आणि आणून त्याच्या पायाशी ठेवली. कडीचा खणखणाट त्याच्या ओळखीचा होता. त्याचे खांदे ताठ झाले.

"हात घाल," क्लॅरिस म्हणाली. "मी खोटं बोलत असते, सगळीच चांगली म्हणत असते, तर ही कशाला भरली असती?"

अर्विनने हात पुढे केला. तो थंड पाण्यात मनगटापर्यंत बुडाला. तो तसाच बसला; पाणी शर्टाच्या बाहीत चढत राहिले.

"कुठलं ते?" त्याने अखेर विचारले.

तिने त्याचा हात पुसला आणि खिशातले ते पिल्लू त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने अंगठा त्याच्या पाठीवरून नेला, जिथे रेघ असायला हवी तिथून, पुन्हा पुन्हा. कातडी सगळीकडे सारखीच मऊ होती.

"आणि बाकीची?" तो म्हणाला.

क्लॅरिसने बादली उचलली आणि दारात जाऊन ओतली. फरशीवरून पाणी गटाराकडे धावल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला असणार. बादलीत पाण्यावाचून काही नव्हते. त्याने ते विचारले नाही, आणि क्लॅरिसनेही सांगितले नाही. सांगितले असते तरी आता त्याने त्यातले काय खरे धरले असते, हे तिला ठाऊक नव्हते. ती बेसच्या पिंजऱ्याकडे, बाकीच्या पिल्लांकडे गेली आणि मागे स्वयंपाकघरात अर्विनचा अंगठा त्या लहानशा पाठीवर न सापडणारी जागा शोधत राहिला.