घरात एकच भाषा

माझा मुलगा पहिल्या दिवाळीत फटाक्यांच्या आवाजात गाढ झोपला होता. आमच्याकडे तंजावरला दिवाळी पहाटेच सुरू होते. अभ्यंगस्नान होतं न होतं तोच गल्लीत माळा लागतात. माझी थोरली, तेव्हा एलकेजीत जाणारी, कानांवर हात ठेवून माझ्या पदरात शिरली होती. आणि हा दोन-तीन महिन्यांचा जीव छताच्या कडीला बांधलेल्या साडीच्या झोळीत मूठ चोखत निवांत पडला होता. समोरच्या घरातल्या बाई फराळाचं ताट घेऊन आल्या. झोळीत डोकावून म्हणाल्या, "किती शहाणं बाळ. असं मूल नशिबानं मिळतं." मला बरं वाटलं. थोरलीनं पहिलं वर्ष रडून काढलं होतं, हा तरी शांत निघाला म्हणून मी देवासमोर हात जोडले.

माझं माहेर सोलापूरचं. लग्न होऊन आले तेव्हा इथली मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. ते शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. 'कुठे'ला ते 'कोठें' म्हणत, 'मला'ला 'मज', आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर नेत. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या अशीच मराठी चालत आलेली. देवनागरी मात्र माझ्याखेरीज घरात कुणालाच वाचता येत नव्हती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा रोज बसनं ओरत्तनाडूला सरकारी कार्यालयात जाई आणि संध्याकाळी दमून येई, त्यामुळे दिवसभर घरात मी, मामंजी आणि मुलं.

थोरलीचं आणि मामंजींचं जग वेगळंच होतं. ती त्यांना आजा म्हणे. सकाळी तेच तिला चालत शाळेत सोडत. जाताना तिची बडबड अखंड चाले, अर्धी माझी सोलापुरी, अर्धी त्यांची तंजावरी. "आजा, ती गाय कोठें चालली?" असं ती विचारी आणि मामंजी गाईचा सगळा दिवस रचून सांगत. शाळेत ती तमिळ बोले, दाराच्या आत पाऊल टाकलं की मराठी. तिला कुणी तसं शिकवलं नव्हतं.

बाळाला ऐकू येत नाही हे पहिल्यांदा तिनंच सांगितलं. मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते. ती त्याच्या मागून जाऊन "भो" करत होती, पुन्हा पुन्हा. तो समोरच्या स्टीलच्या वाटीशी खेळत होता. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, पाप्पा माझ्याशी खेळत नाही. तो ऐकतच नाही." इथे तान्ह्या बाळाला पाप्पा म्हणतात. मी म्हणाले, "लहान आहे तो अजून." ती म्हणाली, "मोठ्यानं केलं तरी नाही." मी हातातली शेंग खाली ठेवली. उठून त्याच्या मागे गेले आणि दुसऱ्या एका वाटीवर पळी आपटली. त्यानं मान वळवली नाही. मग मी मांडणीवरचं मोठं ताट जमिनीवर टाकलं. मामंजी बाहेरून धावत आले. बाळ वाटी चाटत होतं.

पुढचे महिने तपासण्यांत गेले. त्याला झोपवून डोक्याला तारा लावायच्या आणि पडद्यावरच्या रेघा बघायच्या. डॉक्टरांनी दोन्ही कान अगदीच गेलेले आहेत असं सांगितलं. मशीन लावून उपयोग नव्हता, शस्त्रक्रिया करून कानाच्या आत यंत्र बसवावं लागणार होतं. ती झाली तेव्हा त्याला नुकतं वर्ष पूर्ण झालं होतं. जखम भरल्यावर एका सकाळी बाहेरचा भाग कानामागे अडकवला, चुंबकाची चकती डोक्याला चिकटवली आणि यंत्र सुरू केलं. आम्हाला वाटलं होतं तो हसेल. तो इतका घाबरून किंचाळला की नवरा खोलीबाहेर निघून गेला.

तिथून पुढे वाचाउपचार. केंद्रातल्या बाई माझ्याच वयाच्या होत्या, शांत आणि कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि तमिळमध्ये विचारलं, "घरात काय बोलता?"

"मराठी," नवरा म्हणाला. "बाहेर तमिळ."

"ते बंद करा. घरात एकच भाषा हवी. आई, बाप, आजोबा, बहीण, सगळ्यांनी एकच. मूल आधीच मागे आहे, त्याच्यावर दोन ओझी नकोत."

"मग मराठीच बोललो तर?" मी विचारलं.

"मी त्याला तमिळमध्ये शिकवणार. शाळा तमिळ, शेजारी तमिळ. तुम्ही एकट्या मराठी बोलून त्याचं काय होणार?"

माझी तमिळ भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती होती, बाळाला निजवण्यापुरती नव्हती. घरी आल्यावर मी मामंजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लेंकराच्या कानापुढें भाषेचें काय मोठें?" आणि तिथल्या तिथे तमिळ बोलायला लागले. आमच्या सगळ्यांत त्यांनीच तो नियम सर्वांत कडक पाळला. दुपारी ते मला स्वयंपाकघरात बसवून लहान मुलांशी बोलायची तमिळ शिकवत. चंद्राला काय म्हणून हाक मारायची, घास भरवताना काय म्हणायचं. केळ्याच्या तमिळ शब्दातला तो जीभ मागे वळवून करायचा उच्चार मला शेवटपर्यंत नीट जमला नाही. केंद्रातल्या बाई हसून म्हणत, "तुम्ही चुकीचं बोललात तर तो चुकीचंच शिकेल." म्हणून मी मुलाशी कमी बोलू लागले. काय बोलायचं ते आधी मनात जुळवायचे, तोवर त्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असायचं.

रोज सकाळी यंत्र लावलं की मी हातानं तोंड झाकून एकेक आवाज काढायची, आ, ऊ, ई, श्श, स्स, म्म, आणि त्यानं प्रत्येक आवाजाला डब्यात एक लाकडी मणी टाकायचा. ओठ दिसू द्यायचे नाहीत. थोरली दप्तर पाठीला लावून हे बघत उभी असायची.

तिला मात्र नियम कळत नव्हता. ती आली की मराठीच बोलायची. मी दर वेळी तिला अडवायची. "मराठी नको. पाप्पाला त्रास होतो." घाईत हेच तोंडून जायचं. कधी आवाज चढायचा. तिनं मला 'आई' म्हटलं तर मी 'अम्मा' म्हणायला लावायची, कारण धाकट्यानं एकच हाक ऐकायला हवी होती.

त्याच सुमारास माझी आई सोलापूरहून मदतीला आली. तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता. मी तिला सांगितलं, त्याच्याजवळ असताना बोलू नकोस, नुसती खेळव. ती आठवडाभर तशी राहिली. त्याला मांडीवर घेऊन बसायची, टाळ्या वाजवायची, चेहरे करायची. एकदा तिच्या तोंडून ओवीचा एक चरण निघाला आणि मी दारातून "आई, नको ना" म्हणाले. तिनं मुलाला खाली ठेवलं. संध्याकाळी पिशवी भरताना मला म्हणाली, "तुझ्या घरात माझ्या बोलण्याचा विटाळ होतो का गं?" मी समजावलं, आणि तिला ते समजलंही. तरी ती ठरल्याआधीच परत गेली. त्यानंतर तिचा फोन आला की मी गच्चीवर जाऊन बोलायची, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे.

एवढं झालं तरी मामंजींनी एक वाट मोकळी ठेवली होती. शाळेच्या रस्त्यावर ते आणि थोरली मराठी बोलत. तिथे धाकटा नसायचा, मग काय हरकत, असं ते मला म्हणाले होते. मलाही बरं वाटलं होतं.

मग उन्हाळ्यात धाकट्याच्या कानामागची कातडी चकतीखाली लाल झाली आणि सुजली. डॉक्टरांनी सूज उतरेपर्यंत यंत्र काढून ठेवायला सांगितलं. इतक्या मेहनतीनं जरा आवाजाकडे वळायला लागलेलं मूल पुन्हा शांततेत गेलं. तो तापानं रडायचा आणि आमचा कुणाचाच आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. मी त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होते, तेव्हा थोरली भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, तमिळमध्येच, "अम्मा, माझ्यामुळं झालं."

"काय झालं?"

"मी रस्त्यात मराठी बोलते ना. म्हणून पाप्पाचा कान सुजला."

मी खाली बसले. तिला जवळ ओढलं आणि तमिळ विसरून मराठीत म्हणाले, "नाही गं बाळा, असं काही नसतं. मराठीनं कान दुखत नाहीत." तिनं पटकन आपला हात माझ्या तोंडावर ठेवला. माझं बोलणं तिला थांबवायचं होतं.

मामंजी ओट्यावर तांदूळ निवडत होते. त्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या सकाळी दोघं शाळेला निघाली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. मामंजी तिच्याशी तमिळ बोलत होते आणि ती मान हलवत चालली होती. त्यानंतर मी तिला मराठी बोलताना कधी ऐकलं नाही. नंतर कितीदा तरी समजावलं, नवऱ्यानं समजावलं, तिनं "बरं" म्हटलं. पण आजाचा तमिळ ताता झाला तो झालाच. गाईच्या गोष्टीही थांबल्या. मामंजींना तमिळ उत्तम येत होती, सगळा जन्म त्या भाषेत त्यांनी गणित शिकवलं होतं, पण लहान मुलीशी थट्टा करण्याची भाषा त्यांची ती नसावी. ते तिला रस्त्यात पाढे विचारू लागले.

धाकटा शिकला, हे सांगायला हवं. दोन वर्षांचा झाल्यावर तो एका दुपारी माठाकडे बोट दाखवून "तण्णी" म्हणाला. पाणी. मी त्याला पेला भरून दिला आणि तिथेच बसून रडले. मामंजींनी शेजारी जाऊन सांगितलं, सगळी गल्ली बघायला आली. त्यानंतर शब्द येत गेले, अडखळत, पण येत गेले.

मामंजी पुढच्या पावसाळ्यात आजारी पडले. आधी खोकला, मग न्यूमोनिया. जवळच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ताप चढला की त्यांची तमिळ नाहीशी व्हायची. नर्स विचारत, काय म्हणतायत हे? एका दुपारी नवरा औषधं आणायला गेला होता आणि मी धाकट्याला घेऊन व्हरांड्यात होते. आमच्यापैकी खाटेजवळ थोरली एकटी होती. मी आत येत होते तेव्हा मामंजी म्हणाले, "खिडकी लाव, वारें लागतें." नर्सला कळलं नाही. थोरलीनं तिला तमिळमध्ये सांगितलं, खिडकी लावा म्हणतायत. तिला सगळं समजत होतं. मामंजींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तूं जेवलीस कां?"

"साप्टेन, ताता," ती म्हणाली. जेवले.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग डोळे मिटले. त्याच आठवड्यात ते गेले. तिरुवैयारुला कावेरीवर आम्ही त्यांचं सगळं केलं. नवरा पाण्यात उभा होता आणि धाकटा काठावरून ओरडत होता, "अप्पा, मीन, मीन." त्याला मासे दिसले होते.

वर्षभरानं केंद्रात नव्या बाई आल्या. आधीच्या बदलून दुसऱ्या गावी गेल्या होत्या. या तरुण होत्या, हसऱ्या. मुलाची प्रगती बघून खूश झाल्या आणि सहज म्हणाल्या, "घरी तुमची मराठीही बोलता ना?"

आम्ही नाही म्हणालो. का ते सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "आता आम्ही असं सांगत नाही. आईला जी भाषा मनापासून येते ती बोला म्हणतो. मुलं दोन्ही शिकतात, यंत्रावरचीसुद्धा."

"कधीपासून सांगत नाही?" नवऱ्यानं विचारलं.

"मला आधीचं माहीत नाही, सर." त्या पुढे काही तरी समजुतीचं बोलल्या. त्यांचा काही दोष नव्हता. आधीच्या बाईंनीही जे शिकल्या तेच मनापासून सांगितलं होतं. परतीच्या बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत बसला. भाताची शेतं गेली, कालवा गेला. उतरायच्या वेळी म्हणाला, "आज माझे अप्पा असते, तर मी तुला म्हटलं असतं, त्यांना हे सांगू नकोस."

त्या दिवसापासून मी मुलांशी मराठी बोलते. थोरली ऐकते, काम करते, उत्तर तमिळमध्ये देते. एकदा मी तिला म्हटलं, एक शब्द तरी म्हण. ती म्हणाली, "येत नाही, अम्मा," तेही तमिळमध्ये, आणि अभ्यासाला निघून गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. धाकटा आता चार वर्षांचा आहे. मी मराठी बोलले की तो माझ्या ओठांकडे बघतो, कपाळाला आठ्या घालतो. काल म्हणाला, "अम्मा, नल्ला पेसु." नीट बोल.

मी ताट घेऊन उभी होते. पुन्हा म्हणाले, "ये, जेवायला ये." तो आला. माझ्या हातातला दहीभात त्याला दिसला होता.