वर्नाच्या काठीची टकटक

वर्ना स्टिडहॅम आमच्या क्लबात कुणालाच आवडायची नाही, कारण तिचं नेहमी बरोबर निघायचं. शाळेच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं पोरांच्या ताटात बटाटे वाढत आलेली बाई, आवाजही तसाच, रांगेत उभं करणारा. ओक्लाहोमातल्या आमच्या गावात अजगर पाळणारे आम्ही नऊ जण. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पशुखाद्याच्या दुकानामागे जमायचं, बिअर प्यायची आणि आपला अजगर किती फुटांचा यावर थापा मारायच्या, एवढंच आमचं काम. वर्ना बिअर प्यायची नाही आणि येताना मोजायची टेप घेऊन यायची.

तिची अजगरीण म्हणजे मेबल. फिकट पिवळी, सोळा फूट लांब, सव्वाशे पौंड वजनाची. वर्नाला मूल नव्हतं आणि मेबलबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर ती त्याच्याशी महिनाभर बोलायची नाही.

क्लबाचे नियम तिनंच लिहिले होते. खायला घालायच्या सशाला हात लावलेल्या हातानं पिंजऱ्याजवळ जायचं नाही. खायला घातल्यावर आठ दिवस शिवायचं नाही. मोठ्या अजगराचा पिंजरा एकट्यानं उघडायचा नाही, कधीच नाही. माणसाला विळखा घातलेलं जनावर ठेवायचं नाही, डॉक्टर बोलावून मारायचं. आणि सगळ्यात मोठा नियम काठीचा. अजगराला दिसतं बेताचं आणि अक्कल त्याहून बेताची. दार उघडलं की जेवण आलं, एवढंच त्याला कळतं. म्हणून हात घालण्याआधी आकड्याच्या काठीनं त्याच्या अंगावर दोनदा टकटक करायची. टकटक म्हणजे आज जेवण नाही, हात येतोय. जेवणाच्या दिवशी काठी लावायचीच नाही. अकरा वर्षं वर्नानं मेबलला हे शिकवलं होतं. काठी लागली की मेबल निमूट तोंड फिरवून घ्यायची.

मेबलचा पिंजरा उघडताना दुसरा माणूस म्हणून आधी आम्ही आळीपाळीनं जायचो. मग कुणाची पाठ धरली, कुणाचं गवत कापायचं राहिलं. माझी गुडघेदुखी त्याच सुमाराची. खरं सांगायचं तर हात कसे धुवावेत यावरचं तिचं भाषण ऐकायचा कंटाळा यायचा. शेवटी उरला तिचा नवरा, डॉयल.

डॉयलची पाठ टायरच्या दुकानात कामातून गेली, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून तो टीव्हीसमोरच्या खुर्चीत. आपल्याशिवाय बायकोला पिंजरा उघडता येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत त्याचं राज्य सुरू झालं. एकदा मी वजनकाटा मागायला गेलो होतो, तेव्हा पाहिलं.

"डॉयल, तिनं घाण केलीय. येतोस का जरा?"

"कुणाला म्हणतेस?"

"तुला."

"मग नीट विचार की. प्लीज म्हणायला जीभ झिजते का?"

"प्लीज."

"प्लीज कोण?"

"प्लीज, डॉयल."

"अर्लला ऐकू नाही गेलं बघ. गेलं का रे, अर्ल?"

मी हसलो. दुसरं काही सुचलं नाही म्हणा, पण हसलो. वर्नानं तिसऱ्यांदा म्हटलं. तरी टीव्हीवर जाहिराती लागेपर्यंत त्यानं तिला दारात उभी ठेवली.

"ज्या दिवशी कंटाळशील ना, त्या दिवशी विकून टाक ती दोरी," उठता उठता तो म्हणाला.

"मी मेल्यावर वीक," वर्ना म्हणाली.

मार्चमध्ये ती माझ्या घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत मेबलची वाळलेली घाण.

"वर्ना, मी जेवतोय."

"जेव. त्यातले केस बघ आधी."

केस करडे होते.

"माझे ससे पांढरे आहेत. सगळेच्या सगळे," ती म्हणाली. "हे उंदराचे. आणि हल्ली काठी लागली की ती तोंड फिरवत नाही, अर्ल. काठीकडे येते."

मला कळायला वेळ लागला. वर्ना शाळेत गेली की डॉयल एकटाच पिंजरा उघडत होता. काठीनं दोनदा टकटक करायची आणि एक उंदीर टाकायचा. बाईनं अकरा वर्षं जे शिकवलं, ते त्यानं काही महिन्यांत उलटं करून ठेवलं होतं.

"तुझा हात जावा म्हणून?"

"हातावर भागलं तर. तिनं मला विळखा घातला की नियमाप्रमाणे मलाच तिला मारावं लागेल. नियम माझाच ना."

"घर सोड मग."

"आणि तिला घेऊन कुठे येऊ? तुझ्याकडे?"

मी पुढचा घास घेतला. तिनं पिशवी उचलली.

"रविवारी ये. गुडघा दुखत असला तरी ये."

रविवारी गेलो तर वर्नाचा हात गळ्यात बांधलेला.

"खांदा धरलाय," ती नवऱ्याला म्हणाली. "आज टकटक तू कर आणि डोकं धर. मी शेपटीकडे उभी राहते."

"काठी तुझं काम."

"आज तुझं. का, भीती वाटते? दोरीच आहे म्हणतोस ना?"

"डॉयल," मी म्हणालो, "बायको नेहमी करते ते तुला एक दिवस जमेना?"

त्याच्या कपाळावर घाम आला होता. उंदरांचं खरं सांगून टाकलं असतं तर सुटला असता. वर्नानं त्याला तेवढी संधी दिली.

"काही सांगायचं असेल तर आत्ता सांग, डॉयल."

"काय सांगायचंय? काही नाही."

त्यानं दार उघडलं आणि काठी न लावताच हात पुढे नेला.

"टकटक राहिली," वर्ना म्हणाली. "दोनदा."

माझ्यादेखत त्याला नाही म्हणता येईना. त्यानं टकटक केली, अगदी हळू, मेबलला कळू नये अशी.

तिचं डोकं निघालेलं मला दिसलंच नाही. डॉयलचा उजवा पंजा तिच्या जबड्यात होता आणि विळखे कोपर, दंड, खांदा करत छातीकडे निघाले होते. तो गुडघ्यांवर आला. वर्नानं गळ्यातून हात सोडवला, खांद्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. विळखा नेहमी शेपटीकडून सोडवायचा, डोक्याकडून ओढला तर आणखी आवळतो. तिनं शेपूट दोन्ही हातांनी धरलं. आणि नुसतं धरून ठेवलं.

"काढ," डॉयल म्हणाला.

"कुणाला म्हणतोस?"

"वर्ना, अगं काढ ना."

"नीट विचार की."

"प्लीज."

"प्लीज कोण?"

"प्लीज, वर्ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "अर्ल, तुला ऐकू गेलं का रे?"

दोन पावलं पुढे जाऊन मी ते शेपूट तिच्या हातातून घेऊ शकलो असतो. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. जाहिराती लागल्या, संपल्या, परत लागल्या. डॉयलचा हात जांभळा झाला आणि त्याला बोलता येईनासं झालं, तेव्हा वर्नानं कामाला सुरुवात केली. मिनिटभरात एकेक विळखा उलगडला, मेबलच्या तोंडात स्पिरिट ओतलं, जबडा सुटला. तिच्याइतकं सफाईदार काम आमच्या क्लबात कुणालाच यायचं नाही.

पंजातल्या शिरा तुटल्या होत्या. बोटं परत मिटलीच नाहीत. उंदरांबद्दल डॉयल दवाखान्यात एक अक्षर बोलला नाही, बोलणार काय?

मी वर्नाला म्हणालो, "हिचा काय दोष? ठेव हिला. क्लबात कोण विचारतंय."

"नियम आहे," ती म्हणाली.

मंगळवारी जनावरांचा डॉक्टर आला. मेबलचं डोकं वर्नानंच धरलं. त्याआधी तिनं सवयीनं काठीनं दोनदा टकटक केली, आणि मेबल जेवणाच्या आशेनं तिच्याकडे आली. तेव्हा ती रडली, मोठ्यानं, डॉक्टरासमोर. म्हणजे शेवटी डॉयलच्याच मनासारखं झालं. घरातून अजगर गेला.

गेल्या महिन्यात दुपारी त्यांच्याकडे डोकावलो. डॉयल टेबलाशी बसला होता, उजवा हात मांडीवर पडलेला. वर्नानं त्याचं मांस बारीक कापलं, बटाटे वाढले, पण ताट आपल्याजवळच ठेवलं. मग भिंतीवरची काठी काढून टेबलावर दोनदा टकटक केली.

डॉयलनं मान वर केली. "प्लीज, वर्ना."

ती थांबली. तो परत म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाल्यावर तिनं ताट पुढे सरकवलं.

"अर्ल, तुला वाढू का रे?" तिनं विचारलं. काठी अजून तिच्या हातातच होती.

"प्लीज, वर्ना," मी म्हणालो.